वाचक विचारतात : कुंडीतल्या फुलझाडांची उंची कशी आवरायची?

हरितगृहातल्या फुलझाडांची उंची आवरणाऱ्या वाढरोधकांविषयी गेल्या काही अंकांत वाचकांची बरीच पत्रे आली. बऱ्याच पत्रांत तक्रार एकच आहे : औषध मारले, पण काही झाले नाही, किंवा झाले ते नको तेवढे. सारख्या प्रश्नांची सांगड घालून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : शेवंतीच्या कुंड्या आताच हव्या त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच झाल्या आहेत. वाढरोधक फवारले तर झाडे आखूड होतील का?

नाही. झालेली उंची कोणतेही औषध परत घेऊ शकत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करून घ्या, कारण चुकीच्या वेळी मारलेल्या निम्म्याअधिक फवारण्या याच गैरसमजातून होतात.

झाडाच्या शेंड्याजवळच्या कोवळ्या पेशी लांब होतात तेव्हा पेरे लांबतात. हे लांबणे जिबरेलिन नावाच्या संजीवकाच्या हुकमावर चालते. जिबरेलिनाचा शोधच मुळी उंचीच्या रोगातून लागला. जपानमध्ये भाताची काही रोपे वेड्यासारखी उंच वाढून लोळायची आणि मरायची. त्यामागे एका बुरशीने सोडलेला पदार्थ आहे, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले. आपण वापरतो ती बहुतेक वाढरोधके झाडातले जिबरेलिन तयार होण्याच्या साखळीतला एखादा दुवा अडवतात. जिबरेलिन कमी पडले की पेशींची संख्या फारशी घटत नाही, पण त्या लांबायच्या थांबतात. म्हणून पाने तेवढीच येतात, पेरे मात्र आखूड राहतात, आणि पानांचा रंगही गडद होतो.

यातून वेळ ठरते. परिणाम फक्त यापुढे वाढणाऱ्या पेरांवर होणार, म्हणून झाड सुटायच्या, म्हणजे भराभर लांबायच्या, आधी औषध द्यायचे. शेवंतीत शेंडा खुडल्यावर बाजूचे फुटवे अडीच ते चार सेंटिमीटरचे होतात, ती वेळ योग्य. रोपांच्या ट्रेमध्ये पहिली एक-दोन खरी पाने उघडली की. तुमच्या कुंड्यांची आज झालेली उंची तशीच राहील. फुलकळी दिसायला अजून वेळ असेल, तर पुढची वाढ आवरून शेवटची उंची मर्यादेत आणता येईल. कळ्या फुगल्या असतील, तर औषध वाया घालवू नका.

प्रश्न : वाढ हाताबाहेर जाते आहे हे आधी कळावे, यासाठी काही उपाय आहे का? डोळ्यांना ती रोज सारखीच दिसते.

आहे, आणि तो औषधापेक्षाही उपयोगी आहे. उंचीचा आलेख ठेवा. बेंचच्या (कुंड्या मांडायच्या टेबलाच्या) वेगवेगळ्या भागांतल्या पाच ते दहा कुंड्यांना खुणेच्या काड्या लावा आणि नेहमी त्याच कुंड्या मोजा. आठवड्यातून दोनदा, कुंडीच्या काठापासून सर्वांत उंच शेंड्यापर्यंत. विक्रीच्या दिवशी झाड किती उंच हवे, तो आकडा कागदावर उजवीकडे मांडा. आजची उंची डावीकडे. मधली रेघ सरळ काढू नका. खुडणीनंतर वाढ सुरुवातीला मंद, मध्ये वेगवान आणि फुले उमलताना पुन्हा मंद असते, म्हणून रेघ लांबट इंग्रजी 'एस'सारखी येते. तिच्या वर-खाली दोन-अडीच सेंटिमीटरच्या दोन रेघा काढल्या की तुमचा पट्टा तयार.

मोजमाप वरच्या रेघेकडे सरकू लागले की औषधाची वेळ आली. खालच्या रेघेजवळ असेल, तर बाटलीला हात लावू नका. ज्यांनी एक हंगाम हा आलेख ठेवला, त्यांच्या फवारण्या कमी होतात, असा आमचा अनुभव आहे. पोइन्सेटियासारख्या (शेंड्याची पाने लाल होणारे शोभेचे झाड) बरेच दिवस चालणाऱ्या पिकात तर तो ठेवल्याशिवाय काम करू नये असे आम्हाला वाटते.

प्रश्न : बाजारात डॅमिनोझाइड, क्लोरमेक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल अशी नावे आहेत. यांतले चांगले कोणते?

चांगले-वाईट ठरवण्याआधी प्रत्येक औषध झाडात कुठून शिरते ते पाहा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

डॅमिनोझाइड पानांतून शिरते आणि झाडभर फिरते. मातीत ते लवकर विघटित होते, म्हणून त्याची आळवणी करून, म्हणजे द्रावण कुंडीत मुळांशी ओतून, उपयोग नाही. सर्वांत सौम्य आणि चूक पोटात घालणारे औषध हेच. नेहमीचे प्रमाण २५०० ते ५००० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). परिणाम थोडे दिवस टिकतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. नवख्या माणसाने शिकायला हेच घ्यावे.

क्लोरमेक्वाट क्लोराइड पानांतून आणि मुळांतूनही शिरते. फवारणीसाठी साधारण ७५० ते १५०० पीपीएम. पोइन्सेटिया, जिरेनियम, जास्वंद यांवर ते चांगले चालते. जास्वंदीला मात्र खूपच कमी पुरते, काही शे पीपीएमपासून सुरुवात करा.

पॅक्लोब्युट्राझोल आणि त्याचे भावंड युनिकोनाझोल ही जोरकस औषधे. ती खोडातून आणि मुळांतून शिरतात आणि पाण्याच्या नळ्यांतून फक्त वर चढतात. पानावर पडलेले औषध पानातच अडकते, शेंड्याला पोचत नाही. म्हणून खोड भिजले नाही तर फवारणी फुकट गेली समजा. पॅक्लोब्युट्राझोलचे फवारणीचे प्रमाण पिकानुसार साधारण ५ ते ९० पीपीएम. युनिकोनाझोल त्याहूनही कमी लागते. डॅमिनोझाइडचे आकडे हजारांत आणि यांचे दहांत, हा फरक डोळ्यांसमोर ठेवा.

एकाच पिकाच्या जातींमध्येही फरक असतो. मुळातच बुटक्या जातीला आणि जोरात वाढणाऱ्या जातीला एकच मात्रा देऊ नका.

प्रश्न : शिफारस '३० पीपीएम पॅक्लोब्युट्राझोल' अशी आहे. ओळखीच्या एका उत्पादकाने लिटरला साडेसात मिली घातले तेवढेच मी घातले, तर पिकाची वाढच थांबली. असे का?

तुमच्या आणि त्यांच्या बाटलीत बहुधा औषधाचे प्रमाण वेगळे होते. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून हिशेब सावकाश मांडतो.

पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात इतके मिलिग्रॅम शुद्ध औषध. ३० पीपीएम म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम. आता बाटलीवर पाहा. काही पॅक्लोब्युट्राझोलमध्ये लिटरला फक्त ४ ग्रॅम शुद्ध औषध असते, म्हणजे एका मिलीत ४ मिलिग्रॅम. तिथे ३० भागिले ४, म्हणजे साडेसात मिली बरोबर आहे. दुसऱ्या बाटलीत लिटरला २५० ग्रॅम असते, म्हणजे एका मिलीत २५० मिलिग्रॅम. तिथे ३० भागिले २५०, म्हणजे ०.१२ मिली पुरते. त्या दुसऱ्या बाटलीतले साडेसात मिली घातले, तर द्रावण १८७५ पीपीएम होते. हव्या त्यापेक्षा बासष्ट पट. पीक थांबणारच.

पातळ औषधासाठी सूत्र असे : पीपीएम भागिले बाटलीतले ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे लिटरमागे मिली. भुकटीसाठी : पीपीएम भागिले (टक्के गुणिले १०), म्हणजे लिटरमागे ग्रॅम. ८५ टक्के डॅमिनोझाइडचे २५०० पीपीएम करायचे तर २५०० भागिले ८५०, म्हणजे २.९४ ग्रॅम. लिटरला ५०० ग्रॅम असलेल्या क्लोरमेक्वाटचे १५०० पीपीएम करायचे तर ३ मिली.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. पातळ औषधावरचे 'टक्के' कधी वजनाचे असतात, कधी आकारमानाचे. वजनाने २३ टक्के लिहिलेल्या बाटलीत लिटरला २५० ग्रॅम औषध असू शकते. म्हणून 'ग्रॅम प्रति लिटर' हा आकडा शोधा आणि त्यावरूनच हिशेब करा.

आता ०.१२ मिली मोजायचे कसे? मोजू नका, त्यात चूक होणारच. आधी घट्ट द्रावण करा. बाटली नीट हलवा, कारण औषध तळाला बसलेले असते. २५० ग्रॅमच्या बाटलीतले ४ मिली सिरिंजने घ्या, थोड्या पाण्यात सोडा, तीच सिरिंज दोन-तीनदा त्याच पाण्याने धुऊन त्यात रिकामी करा आणि पाणी घालून एकूण एक लिटर करा. हे झाले १००० पीपीएम. यातले १ मिली लिटरभर पाण्यात म्हणजे १ पीपीएम, ३० मिली म्हणजे ३० पीपीएम. आता चूक करायची म्हटली तरी कठीण. घट्ट द्रावणही प्रत्येक वेळी हलवूनच घ्या, त्याच दिवशी संपवा आणि बाटलीवर नाव लिहा.

प्रश्न : प्रमाण अगदी बरोबर मोजतो, तरी एकाच बेंचवर काही झाडे बुटकी आणि काही उंच. औषधात दोष असेल का?

दोष फवारणीत आहे. पीपीएम ही अर्धीच गोष्ट. झाडाला मिळालेले औषध म्हणजे पीपीएम गुणिले पडलेले पाणी. हे दुसरे अर्धे कुणी मोजत नाही, आणि पॅक्लोब्युट्राझोल व युनिकोनाझोल यांच्यात तेच घात करते.

लहान आणि मध्यम झाडांसाठी एका चौरस मीटरला सुमारे २०० मिली द्रावण हे प्रचलित माप आहे. ५० चौरस मीटरच्या बेंचला १० लिटर. ३० पीपीएमने एवढे मारले तर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम औषध पडते. हात संथ चालला आणि त्याच बेंचवर १४ लिटर संपले, तर ८.४ मिलिग्रॅम. म्हणजे तुम्ही ४२ पीपीएम मारल्यासारखे झाले, वहीत मात्र ३०च लिहिले जाणार.

आधी साध्या पाण्याने सराव करा. पंपात मोजून पाणी भरा, बेंच फवारा, उरलेले मोजा. १० लिटर लागेपर्यंत चालण्याचा वेग बदलत राहा, मग तोच वेग, तोच दाब, तेच नोझल कायम ठेवा. पाणी ठिपकत कुंडीत गळेपर्यंत मारायचे नाही, कारण गळलेले औषध मुळांशी जाऊन आळवणीसारखे काम करते आणि मात्रा नकळत वाढते. डॅमिनोझाइडला याचे एवढे वावडे नाही, तिथे फक्त पाने सारखी ओली होणे महत्त्वाचे.

बेंचच्या काठाची झाडे बहुधा अशीही आखूड राहतात, कारण तिथे उजेड जास्त आणि माध्यम (कुंडीत भरलेले मिश्रण) लवकर सुकते. वळताना नोझल तिथेच रेंगाळते आणि त्यांना दुप्पट बसते. वळण्याआधी नळी बंद करण्याची सवय लावा.

आणि प्रत्येक वेळी चार-पाच कुंड्या औषधाशिवाय ठेवा. त्या नसतील, तर औषधाने काय केले हे कधीच कळणार नाही.

प्रश्न : फवारणी दिवसाच्या कोणत्या वेळी करावी? नंतर पाणी कधी द्यावे?

सकाळी लवकर, उन्ह उतरल्यावर किंवा ढगाळ दिवशी. द्रावण पानावर जितका वेळ ओले राहील तितके डॅमिनोझाइड आणि क्लोरमेक्वाट जास्त शिरते. आदल्या दिवशी झाडांना पाणी दिलेले असावे. मलूल झाडावर फवारले तर पाने करपतात. डॅमिनोझाइडनंतर २४ तास वरून पाणी नको. पॅक्लोब्युट्राझोल खोडात लवकर मुरते, तासाभराने पाणी दिले तरी चालते. डॅमिनोझाइड तांब्याच्या बुरशीनाशकाबरोबर मिसळू नका आणि दोन्हींमध्ये आठवडाभराचे अंतर ठेवा.

प्रश्न : क्लोरमेक्वाट मारल्यावर चार-पाच दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. हा रोग आहे का?

नाही, औषधाचीच खूण आहे. फवारताना जी पाने उघडत होती त्यांनाच ती लागते. नंतर येणारी पाने स्वच्छ हिरवी असतील, आणि ती मोठी झाली की पिवळी पाने झाकली जातात. १५०० पीपीएमच्या वर गेले की हा त्रास वाढतो. उन्हाच्या तडाख्यात फवारले तरी.

क्लोरमेक्वाट कमी करून सोबत डॅमिनोझाइड द्यायची रीत बरीच जुनी आहे. दोन्ही जिबरेलिनच्या साखळीत वेगवेगळ्या ठिकाणी अडथळा आणतात, म्हणून एकत्र दिल्यास परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळतो. १० लिटर पाण्याला ८५ टक्के डॅमिनोझाइड २९.४ ग्रॅम (२५०० पीपीएम) आणि ५०० ग्रॅमचे क्लोरमेक्वाट २० मिली (१००० पीपीएम), हे मिश्रण जोमदार पिकांवर चालते. नवीन जातीवर आधी दहा कुंड्यांवर करून बघा आणि आठवडा थांबा.

प्रश्न : फवारणीऐवजी आळवणी केली तर? एका कुंडीला किती द्यावे?

पॅक्लोब्युट्राझोलसाठी आम्ही आळवणीच्या बाजूचे आहोत. मेहनत जास्त आहे, पण प्रत्येक कुंडीला मोजून सारखे मिळते आणि परिणाम जास्त दिवस टिकतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीला १२० मिली, दहा सेंटिमीटरच्या कुंडीला ६० मिली द्रावण. १ पीपीएमचे १२० मिली म्हणजे कुंडीला ०.१२ मिलिग्रॅम औषध, एवढ्याने बऱ्याच पिकांत फरक दिसतो. १०० कुंड्यांना १२ लिटर लागेल. आपल्या १००० पीपीएमच्या घट्ट द्रावणातले १२ मिली त्यात घातले की काम झाले.

माध्यम आधीच ओलसर असले पाहिजे. कोरड्या माध्यमातून द्रावण कडेच्या भेगेतून खाली निसटते आणि बशीत जाते. चिंब ओल्या माध्यमातूनही ते वाहून जाते. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी आळवणी करा. खालून जेमतेम थोडे ठिपकावे इतकेच.

माध्यमात पाइनच्या सालीचा चुरा असेल, तर तो बराचसा पॅक्लोब्युट्राझोल धरून ठेवतो आणि मुळांना कमी मिळते. नुसत्या पीटमधल्या (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या माध्यमातल्या) शिफारशी अशा माध्यमात कमजोर पडतात. उलट, सालीच्या माध्यमावर बसवलेली मात्रा पीटमध्ये वापरली, तर ती जास्त होईल. माध्यम बदलले की मात्रा पुन्हा तपासायची.

प्रश्न : पोइन्सेटियाची उंची छान आवरली, पण लाल पाने लहानच राहिली. चूक कुठे झाली?

बहुधा उशिरा फवारलेत. रात्री मोठ्या होऊ लागल्या की पोइन्सेटियाच्या शेंड्यात फूल धरते. उत्तर गोलार्धात नैसर्गिक उजेडात हे सप्टेंबरच्या उत्तरार्धात घडते. त्यानंतर तिथे घडत असलेली पानेच पुढे लाल होतात. त्या काळात जोरदार फवारणी झाली तर खोडाबरोबर तीही आखडतात, आणि रंग यायलाही उशीर होऊ शकतो.

म्हणून फवारणीचे काम खुडणीनंतरच्या फुटव्यांच्या काळातच उरका आणि लहान दिवस सुरू होऊन तीन आठवडे झाले की फवारणी बंद. शेवटी झाडे तरी वर निघालीच, तर पॅक्लोब्युट्राझोलची हलकी आळवणी, १ पीपीएमच्या आत. लाल पाने बऱ्यापैकी मोठी झाल्यावर दिली तर उंची जागच्या जागी थांबते आणि पानांना फारसा धक्का लागत नाही. हीच मात्रा महिनाभर आधी दिली तर पानांना बाधेल, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : मात्रा जास्त झाली आहे. झाडे गठ्ठ्यासारखी बसली आहेत. काही करता येईल का?

डॅमिनोझाइड असेल तर वाट पाहा, दोन-तीन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. पॅक्लोब्युट्राझोलची आळवणी जड झाली असेल, तर मामला कठीण आहे.

उतारा म्हणून जिबरेलिन फवारता येते. जिबरेलिन ४ व ७ आणि बेंझिलअ‍ॅडेनिन यांचे तयार मिश्रण मिळते. सुरुवात १ ते ३ पीपीएमने, आधी पाच-सहा कुंड्यांवर. पाच ते सात दिवस थांबा. फरक नसेल तर ५ पीपीएमपर्यंत जा. घाईने जास्त दिले तर झाडे फिकट, लांबुडकी आणि लेचीपेची होतात, आणि त्यावर इलाज नाही. सोबत दिवसाचे तापमान थोडे वाढवा, रात्रीचे कमी करा, खतात अमोनियाचे नत्र आणि स्फुरद वाढवा. एरवी उंचीच्या भीतीने जे टाळतो तेच इथे मुद्दाम करायचे.

अशा कुंड्या, ट्रे आणि माध्यम पुढच्या पिकाला वापरू नका. पॅक्लोब्युट्राझोल माध्यमात बराच काळ टिकते आणि प्लास्टिकलाही चिकटते. पुढच्या पिकात बेगोनिया किंवा पॅन्सी आली तर ती तिथे वाढणारच नाही, या दोघींना ते फार थोडे पुरते. खालून पाणी भरून तेच पाणी फिरवणारी पद्धत असेल, तर एका बेंचवरची आळवणी टाकीतून सगळ्या बेंचवर पोचते.

प्रश्न : इथेफॉन फवारले, तर फुटवे भरपूर आले, पण कळ्या गळाल्या.

इथेफॉन झाडात इथिलीन सोडते. इथिलीन उंची रोखते आणि शेंड्याची सत्ता मोडते, म्हणून बाजूचे फुटवे येतात. पण कळ्या गाळणे हेही त्याचेच काम. ते पिकाच्या सुरुवातीच्या काळातच, कळी दिसायच्या आधी वापरायचे. विक्रीला सहा-आठ आठवडे असतानाच शेवटची फवारणी. २५० ते ५०० पीपीएमने सुरुवात करा.

पाणी अल्कधर्मी (जास्त सामूचे) असेल, तर औषध टाकीतच फुटून इथिलीन उडून जाते आणि 'परिणामच नाही' अशी तक्रार येते. द्रावणाचा सामू ५ च्या खाली हवा. द्रावण केल्यापासून चार तासांत फवारून मोकळे व्हा.

प्रश्न : औषधाशिवाय उंची आवरता येईल का?

पुष्कळ प्रमाणात. आमच्या मते औषध हा शेवटचा उपाय असावा.

पहिली गोष्ट अंतर. पाने एकमेकांना लागली की हिरव्या पानांतून गाळलेला उजेड शेजाऱ्यावर पडतो. त्यात तांबडा प्रकाश कमी आणि तांबड्यापलीकडचा जास्त असतो. झाड त्याचा अर्थ 'शेजारी अंगावर आला' असा घेते आणि वर धावते. कुंड्या एक आठवडा आधी सुट्या केल्या तर एखादी फवारणी वाचते. डोक्यावर टांगलेल्या कुंड्यांची गर्दीही हाच घोळ करते.

दुसरी गोष्ट तापमान. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉयल हाइन्स आणि जॉन अर्विन यांनी दाखवले, की पेरांची लांबी दिवस आणि रात्र यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. दिवस २४ अंश आणि रात्र १८, तर फरक अधिक ६, झाड लांबते. दिवस १८ आणि रात्र २१, तर उणे ३, झाड आखूड राहते. पिकाचा वेग मात्र चोवीस तासांच्या सरासरीवर चालतो, म्हणून दिवस थंड केला की रात्र उबदार ठेवावी लागते, नाहीतर फुले लांबतात. लांबण्याची घाई सकाळच्या पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. त्यामुळे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दोन-तीन तास तापमान ३ ते ६ अंशांनी खाली ठेवले, तरी बरेच साधते. ट्यूलिप, हायसिंथ यांसारखी कंदांची पिके याला फारशी दाद देत नाहीत. आणि जिथे पहाटेही गारवा मिळत नाही तिथे हा मार्ग बंद आहे. तिथे अंतर, पाणी आणि खत यांवरच भिस्त ठेवावी लागते, औषधाची मात्राही थंड हवेपेक्षा जास्त लागते.

खतात स्फुरद आणि अमोनियाचे नत्र आटोक्यात ठेवा. रोपांच्या ट्रेमध्ये सुरुवातीलाच स्फुरद भरपूर दिले की रोपे सुटतात. पाणी थोडे ताणून द्या, पण पाने मान टाकेपर्यंत नको.

प्रश्न : सदाफुलीच्या पानांवर पॅक्लोब्युट्राझोलनंतर काळे ठिपके आले.

सदाफुलीला पॅक्लोब्युट्राझोल आणि युनिकोनाझोलची फवारणी अनेकदा बाधते, ठिपके त्याचेच आहेत. तिला ही फवारणी टाळा. पाणी ताणून आणि अंतर वाढवून ती बऱ्यापैकी आवरते.

प्रश्न : त्याच हरितगृहात एका कडेला बेसिल आणि मिरचीची रोपे आहेत. त्यांच्यावर ही औषधे मारली तर चालेल?

नाही. लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही त्या पिकावर, आणि खाण्याच्या वनस्पतींवर तर मुळीच नाही. डॅमिनोझाइड एकेकाळी सफरचंदांवर वापरले जात असे. अमेरिकेत १९८९ मध्ये खाण्याच्या पिकांवरचा त्याचा वापर बंद झाला, शोभेच्या झाडांपुरता तो राहिला. फवारणीच्या दिवशी बेसिलच्या आणि मिरचीच्या ट्रे दुसऱ्या दालनात न्या. हलवणे शक्य नसेल, तर त्या बाजूच्या बेंचवर फवारणी न करता मोजून आळवणी करा, आणि त्या ट्रेना निचऱ्याचे पाणी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि लेबलवर सांगितलेली बाकी साधने वापरा. फवारलेल्या दालनात परत जाण्याआधी लेबलवर दिलेले तास पूर्ण होऊ द्या, दारावर वेळ लिहून ठेवा.